बाल आनंद मेळाव्यातला वडापाव आणि छोट्या व्यवसायाचा खरा हिशोब



जानेवारी आला की जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांत बाल आनंद मेळावा भरतो. कुणी त्याला आनंद बाजार म्हणतं, कुणी आठवडे बाजार. पटांगणात सतरंज्या पडतात, मुलं भेळ, वडापाव, बोरं, लिंबू सरबत, शेतातली मेथी घेऊन बसतात. सरपंच येतात, फीत कापतात, पालक खरेदी करतात, आणि दुसऱ्या दिवशी आपण वर्गात विचारतो, "कुणाला किती नफा झाला?" मुलं आकडे सांगतात, आपण टाळ्या वाजवतो. "व्यवहारज्ञान" या रकान्यात आपलं काम झालेलं असतं.

मीही अकरा-बारा वर्षं असंच करत होते. गेल्या वर्षी मात्र याच टाळ्यांमुळे एक बाई तीस हजारांचं कर्ज काढायच्या बेतात आली. ते सांगण्यासाठीच हा लेख. छोटा व्यवसाय कसा ठरवावा आणि कसा सुरू करावा, हे मला डी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं. ते मी या प्रसंगात, माझ्याच पाचवीच्या एका मुलीच्या आईबरोबर बसून शिकले.

फळ्यावरचे ३२० रुपये

आमची शाळा माणदेशातली. पाऊस कमी, त्यामुळे शेतमजुरीही बेभरवशाची. माझ्या वर्गातल्या एका मुलीने मेळाव्यात वडापाव ठेवला होता. १० रुपयांना एक. दोन तासांत तिचे ६० वडापाव संपले. दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावर हिशोब मांडला.

विक्री : ६० × १० = ६०० रुपये.
खर्च : पाव १८० रुपये, बटाटे ४ किलो १०० रुपये. एकूण २८० रुपये.
नफा : ३२० रुपये.

आकडेमोड बरोबर होती. मी तिला पुढे बोलावून शाबासकी दिली आणि वर म्हटलं, "बघा, दोन तासांत ३२० रुपये! शिकून मोठे व्हा, नोकरीच्या मागे लागू नका, असा धंदा टाका." हे वाक्य मला आजही टोचतं.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिची आई शाळेत आली. म्हणाली, "मॅडम, पोरगी म्हणतीय दोन तासांत तीनशे वीस सुटले. मी दिवसभर खुरपायला जाती तवा तीनशे मिळत्यात. आमच्या बचत गटातून तीस हजार मिळत्यात. ष्टँडवर गाडी टाकावी म्हणती. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला काय वाटतं?"

मी "चांगलं आहे की" म्हणणारच होते. पण त्या आधी सहज विचारलं, "ताई, बेसन किती लागलं होतं?" त्या म्हणाल्या, "किलोभर. घरचंच हुतं."

घरचंच होतं. मग तेल? तेही घरचं. गॅस घरचा. मिरची, लसूण, कोथिंबीर, चटणी घरची. आणि पहाटे चारला उठून बटाटे कुणी उकडले, वडे कुणी तळले? ती तर आईच!

आम्ही माझ्याच टेबलावर कागद घेऊन बसलो. बेसन १०० रुपये. तळणात संपलेलं तेल १०० रुपये. गॅस ४० रुपये. मसाला, मिरची-लसूण आणि चटणी मिळून ६० रुपये. कागदी प्लेटा १० रुपये. बेरीज ३१० रुपये.

३२० वजा ३१० म्हणजे १० रुपये.

६० वडापाव विकून नफा १० रुपये, आणि त्यात आईची चार तासांची मेहनत अजून धरलेलीच नव्हती. फळ्यावरची वजाबाकी चुकली नव्हती. खर्च काय काय होतो, हे मी विचारलंच नव्हतं. नफा-तोटा शिकवताना वाहतूक, हमाली खरेदीत मिळवायची असते, हे आपण मुलांना घोकून घेतो. पण स्वतःच्या घरातून निघालेली वस्तू आणि स्वतःच्या आईचे कष्ट यांना किंमत असते, हे आपण शिकवत नाही. छोटे व्यवसाय बुडतात त्याचं एक मोठं कारण इथेच आहे असं माझं मत झालं आहे. दुकान चालतंय, गिऱ्हाईक येतंय, गल्ल्यात पैसे दिसतायत, आणि तरी वर्षाच्या शेवटी घरात काहीच उरत नाही, असं अनेकांचं होतं. कारण घर त्या धंद्याला रोज थोडं थोडं फुकट देत असतं आणि ते कुठेच लिहिलेलं नसतं.

धंदा टाकण्याआधीचा एक कागद

आता कुणी म्हणेल, मेळाव्यात १० रुपयांना विकला, स्टँडवर तर १५ रुपयांना जातो. बरोबर आहे. म्हणून आम्ही स्टँडचा हिशोब वेगळा केला. तो जरा सविस्तर सांगते, कारण हीच पद्धत पोळी-भाजीचे डबे, शिलाई, ब्युटी पार्लर, पिठाची गिरणी, कशालाही लागू पडते.

पहिल्यांदा एका नगाचा खर्च काढायचा. माल जास्त घेतला की थोडा स्वस्त पडतो. उलट घरगुती सिलिंडर व्यवसायाला वापरता येत नाही, व्यावसायिक घ्यावा लागतो आणि तो महाग पडतो. सगळं धरून एक वडापाव ९ रुपयांना पडेल असं आलं. विक्री १५ ला. म्हणजे एका वडापावामागे ६ रुपये सुटतात.

हे ६ रुपये म्हणजे नफा नव्हे बरं का! इथेच बहुतेक जण थांबतात. या ६ रुपयांतून आधी तो खर्च भागवायचा जो एकही वडापाव विकला नाही तरी द्यावाच लागतो. आम्ही तो महिन्याचा लिहिला. तीस हजार रुपये महिना एक टक्का व्याजाने वर्षभरात फेडायचे तर हप्ता साधारण २,७०० रुपये. जागेचं भाडं १,५००. जाण्या-येण्याचं १,०००. दिवा, पाणी, फुटकं-तुटकं ५००. एकूण ५,७०० रुपये.

५,७०० ला ६ ने भागा. उत्तर ९५०. महिन्यात २५ दिवस गाडी लावली तर रोजचे ३८ वडापाव. म्हणजे रोज ३८ विकले तर हातात शून्य! एकोणचाळिसाव्या वडापावापासून घरासाठी कमाई सुरू. त्या ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या.

मग मजुरी. त्या खुरपायला गेल्या असत्या तर दिवसाला ३०० मिळाले असते, २५ दिवसांचे ७,५००. मी ते मिळवायला लागले, तर त्यांनीच मला अडवलं. "मजुरी रोज कुठं मिळती मॅडम? महिन्यात धरा पंधरा दिस." मला हे सुचलं नसतं. हिशोब आपण शिकवू शकतो, पण आकडे ज्याचे त्यालाच माहीत असतात. मग १५ दिवसांचे ४,५०० धरले. ५,७०० आणि ४,५०० मिळून १०,२००. ६ ने भागले तर १,७००. रोजचे ६८ वडापाव.

आता प्रश्न एकच उरला. त्या स्टँडवर रोज ६८ जातील का?

चिंचोके घेऊन मोजणी

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर अंदाजाने दिलं जातं. "लय गर्दी असती ष्टँडवर." गर्दी असते, पण ती गाडीची वाट बघणारी असते, वडापाव खाणारी किती हे कुणी मोजलेलं नसतं.

मी त्यांना सुचवलं की तीन वेगवेगळ्या दिवशी तिथे बसून मोजा. एक बाजाराचा दिवस, एक साधा दिवस, एक शनिवार. पहिलीला संख्या शिकवताना आपण चिंचोके वापरतो ना, तेच वापरले. दोन पिशव्या. एक वडापाव विकला गेला की एक चिंचोका या पिशवीतून त्या पिशवीत. माणसं मोजायची नाहीत, नग मोजायचे. एक माणूस दोन घेतो, कुणी सहा बांधून नेतो. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर मुलगीही आईबरोबर जाऊन बसली.

स्टँडवर आधीच दोन गाड्या आहेत. दोन्ही मिळून गुरुवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, सुमारे ४०० गेले. सोमवारी ११०. शनिवारी ९०.

तिसरी गाडी आली तर वाटणी तिघांत. (खरं तर नव्या गाडीला सारखा वाटा मिळत नाही, जुन्यांची गिऱ्हाइकं ठरलेली असतात. पण आम्ही मन मोठं करून सारखा धरला.) गुरुवारी १३३, सोमवारी ३७, शनिवारी ३०.

साध्या दिवशी ३७ आणि आम्हाला तर हातात शून्य यायलाच ३८ हवे होते.

महिन्याचे चार गुरुवार आणि बाकीचे २१ दिवस धरून सगळं मांडलं. गुरुवारचे ५३२, इतर दिवसांचे सरासरी ३४ ने ७१४, एकूण १,२४६ वडापाव. प्रत्येकी ६ रुपयांप्रमाणे ७,४७६. त्यातून ५,७०० गेले. उरले १,७७६ रुपये. पंचवीस दिवस पहाटे चारला उठून, दिवसभर उभं राहून, दिवसाला ७१ रुपये!

त्यावर ताई म्हणाल्या, "म्हंजे नगंच म्हणा की."

मी "हो" म्हणणार होते, पण मुलगी मध्येच बोलली. "मॅडम, मग फक्त गुरुवारी ठेवला तर?"

पाचवीतली मुलगी. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि परत कागद ओढला.

फक्त गुरुवारी बसायचं तर गाडी नको, एक टेबल पुरे. गाडी नको म्हणजे कर्ज नको, हप्ता नको. महिन्याचं भाडं नाही, बाजाराची पावती ५० रुपये. टमटम ६० रुपये. १३० वडापाव विकले तर ७८०, त्यातून ११० गेले, उरले ६७०. चार गुरुवारचे २,६८०. महिनाभर राबून १,७७६ आणि चार दिवसांत २,६८०. शिवाय बाकीच्या दिवशी मजुरीला जायला मोकळीक. बुधवारची संध्याकाळ तयारीत जाते, ती मी त्यांना मुद्दाम धरायला लावली. तरीही हेच बरं ठरलं.

पहिला गुरुवार

फेब्रुवारीच्या शेवटी त्यांनी सुरुवात केली. मोठी कढई आणि पातेली गावातल्या एका आचाऱ्याकडून भाड्याने घेतली, पाच किलोची छोटी व्यावसायिक टाकी घेतली. १२० वडापावांची तयारी केली होती. दुपारी दोनला अवकाळी पाऊस आला आणि बाजार उठला. गेले ५२. पावाच्या लाद्या बेकरीने परत घेतल्या नाहीत. वडे घाणा-घाणा करून तळत असल्यामुळे बेसन आणि तेल वाचलं, पण उकडलेले बटाटे, चटणी, पाव सगळं शेजारीपाजारी वाटावं लागलं. साधारण ३०० रुपये तोटा.

मला फार अपराधी वाटलं. शुक्रवारी मुलगी शाळेत आली तेव्हा तिच्याकडे बघवेना. तिने मात्र वही काढून विचारलं, "मॅडम, पाऊस कुठल्या रकान्यात लिहायचा?"

आम्ही "वाया गेलेलं" असा नवा रकाना पाडला.

तीनशे रुपये म्हणजे त्या घरातली एका दिवसाची मजुरी. लागलं, पण झेपलं. तीस हजारांची गाडी उभी असती आणि पहिल्याच आठवड्यात असं झालं असतं, तर पाऊस थांबला तरी हप्ता थांबला नसता. मला वाटतं, व्यवसाय किती मोठा सुरू करायचा याचं माप इथे आहे. किती कमाई होईल यावरून ते ठरवू नये. पहिले दोन-तीन महिने सगळं उलटं गेलं तर घर किती सोसेल, यावरून ठरवावं.

पुढच्या गुरुवारी ९६ गेले. नंतर ११८. आता बहुतेक वेळा १३० च्या आसपास जातात.

पावसावरून लिज्जत पापडाची गोष्ट आठवते. ती मी आता वर्गात दरवर्षी सांगते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात जणींनी इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल म्हणून ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी झाली फक्त चार पाकिटं. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, तेव्हा काम चार महिने बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी, आणि भर पावसात पापड वाळायला लागले. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आपण मुलांना ही गोष्ट सांगताना शेवटचा भाग रंगवतो, केवढी मोठी संस्था झाली वगैरे. मला खाट आणि शेगडी जास्त मोलाची वाटते. अडचण आली म्हणून मोठी यंत्रं घ्यायला त्या धावल्या नाहीत. घरात असतात त्या दोन वस्तूंत काम भागवलं.

आणि आमच्या माणदेशातलीच एक गोष्ट. म्हसवडला चेतना सिन्हा यांनी ग्रामीण बायकांची सहकारी बँक उभी करायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बायका काही महिने शिकल्या आणि पुन्हा गेल्या. आम्हाला कुठल्याही रकमेचं व्याज तोंडी विचारा, तुमचे साहेबही यंत्राशिवाय काढू देत, असं त्यांनी तिथे सांगितलं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ज्या बायकांना आपण अडाणी म्हणतो त्यांचा हिशोब पक्का असतो, फक्त तो कागदावर नसतो. वडापाववाल्या ताईंनी मला पंधरा दिवसांची मजुरी धरायला लावली, तेव्हा मला हे आठवलं होतं.

उधारी आणि दोन डबे

उधारीबद्दल मी जरा घरचं सांगते. माझ्या वडिलांचं छोटं किराणा दुकान होतं. सचोटीचा माणूस, माल चांगला, गिऱ्हाईक भरपूर. तरी आठ-नऊ वर्षांत बंद पडलं. उधारीची लाल वही अजून आमच्या माळ्यावर आहे. त्यातले निम्मे लोक नात्यातले, उरलेले शेजारचे. "पुढच्या आठवड्यात देतो" म्हणणाऱ्याला नाही म्हणणं गावात सोपं नसतं, कारण तोच उद्या आपल्या घरच्या लग्नात वाढायला असतो. उपदेश करणारे "उधारी देऊ नका" एवढं म्हणून मोकळे होतात. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. गावात धंदा करायचा तर थोडी उधारी होणारच. पण किती रुपयांपर्यंत आणि किती दिवसांची, ही मर्यादा पहिल्या दिवसाआधी ठरवून सगळ्यांना सारखी सांगावी. सुरू झाल्यावर ठरवलं तर प्रत्येक नकार हा त्या माणसाचा अपमान होतो.

दुसरं म्हणजे पैशांचे दोन डबे. एक धंद्याचा, एक घरचा. ताईंनी दोन स्टीलचे डबे केले आहेत. गुरुवारी रात्री मोजणी होते, पुढच्या गुरुवारच्या मालाचे पैसे धंद्याच्या डब्यात राहतात, उरलेले घरच्या डब्यात. मध्ये गॅस संपला, पाहुणे आले, तरी धंद्याच्या डब्याला हात लावायचा नाही. सुरुवातीला त्यांनी लावला, हे त्यांनीच सांगितलं. मग पाव आणायला पैसे कमी पडले. एकदाच.

कागदपत्रांचं काय?

पालक हे हमखास विचारतात, म्हणून थोडक्यात. खाण्याचा पदार्थ विकायचा तर कितीही छोटा व्यवसाय असला तरी अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. या नोंदणीचा १४ अंकी क्रमांक मिळतो. वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत, शाईत अपायकारक रसायनं असतात. उद्योगाची सरकारी नोंदणी म्हणजे "उद्यम", ती १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि ती मोफत आहे. तिच्यासाठी कुणी फी मागत असेल तर ते पैसे सरकारला जात नाहीत, मागणाऱ्याला जातात. कर्जच हवं असेल तर मुद्रा योजनेतल्या "शिशु" गटात ५० हजारांपर्यंत तारणाशिवाय मिळतं.

पण कर्ज मिळतंय म्हणून घेऊ नका. आधी तो एक कागद करा.

यंदाचा मेळावा कसा घेतला

या प्रसंगानंतर मी मेळावा बदलला. पूर्वी एक दिवसाचा असे, आता आधीचे दोन तास आणि नंतरचा एक तास धरते. पहिल्या तासाला मुलं काय विकणार ते ठरवतात आणि शेजारच्या दहा घरांत विचारून येतात की हे घ्याल का, कितीला घ्याल. दुसऱ्या तासाला एका नगाचा खर्च. नियम एकच, घरचा माल फुकट नाही. बेसनाच्या डब्यातून किती वाट्या काढल्या ते मोजून त्याचे पैसे लिहायचे. शेतातली बोरंसुद्धा फुकट नाहीत, ती वेचायला वेळ लागतो.

आणि शेवटचा रकाना, कामाचे तास. तो लिहायला सांगितला तेव्हा एका मुलाने विचारलं, "आईची मजुरी पण लिहायची? पण आई तर घरीच असती." वर्ग हसला नाही, कारण सगळ्यांनाच तसं वाटत होतं. मी म्हटलं, घरी जाऊन आईला विचार की तिने किती तास घालवले आणि त्या वेळात ती दुसरं काय करणार होती. दुसऱ्या दिवशी त्याने लिहून आणलं : चार तास, आणि खाली "झोपणार होती".

यंदा बऱ्याच मुलांचा नफा फार कमी आला. सात जणांना तोटा झाला. काही पालक नाराज झाले. एक जण मला म्हणाले, "मॅडम, लहान पोरांच्या मेळाव्यात कसला तोटा काढताय, मजा घालवली तुम्ही." माझ्या शाळेतल्या एका सरांचंही मत आहे की या वयात धंद्याची गोडी लागली पाहिजे, भीती नको. त्यांचं म्हणणं पूर्ण चूक आहे असं मला वाटत नाही. म्हणून तोटा आलेल्यांना मी एक काम दिलं : पुन्हा मेळावा भरला तर काय बदलाल ते लिहा. भेळवाल्या मुलीने लिहिलं की चिंचेची चटणी कमी करीन, निम्मी उरली. सरबतवाल्याने लिहिलं की जानेवारीत सरबत नाही, चहा. मेथीवाल्याने लिहिलं की सरपंच येईपर्यंत थांबलो, तोवर मेथी सुकली, आता आधीच विकीन. हे वाचून सरही हसले.

ही सगळी मुलं उद्या दुकान टाकणार नाहीत, त्याचीही गरज नाही. पण त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात कुणी ना कुणी शिलाई मशीन, शेळ्या, डबे, टपरी असं काहीतरी सुरू करायचा विचार करतंय. तो कागद मुलांच्या दप्तरातून घरी जातो, हे मी पाहिलं आहे.

ताईंचं म्हणाल तर त्या अजून गुरुवारीच बसतात. पावसाळ्यात दोन महिने बंद ठेवलं होतं. शेजारच्या गावच्या बाजारातही, जो रविवारी भरतो, बसावं का असं त्यांच्या मनात आहे. गेले दोन रविवार मायलेकी चिंचोक्यांच्या पिशव्या घेऊन तिथे जाऊन बसल्या. पहिल्या रविवारी १७० गेले, दुसऱ्या रविवारी ६०. तिसरा रविवार मोजल्याशिवाय ठरवायचं नाही, असं मुलीने आईला सांगितलं आहे.